एक्केचाळीस नंबरचं रक्त

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सकाळी अकरा. तळमजल्यावरची बैठकीची खोली.

हजर: विभागप्रमुख मॅडम, मूत्रपिंडाच्या गाठींवर काम करणारी आमची संशोधक मुलगी, नैतिकता समितीवरच्या बाहेरच्या सदस्य म्हणजे एक निवृत्त शिक्षिका, आणि मी, समन्वयक. गैरहजर: सर्जनसाहेब, ऑपरेशनमध्ये.

इतिवृत्त लिहिण्याचं काम माझं. अकरा वर्षं मीच लिहिते आहे. त्यामुळे त्या दिवशी कोण कुठे बसलं होतं, कोण काय बोललं, हे मला आठवावं लागत नाही, ते लिहिलेलं आहे. लिहिलेलं नाही ते एवढंच, की दिल्लीची हवा त्या आठवड्यात इतकी खराब होती की खिडक्या उघडू नयेत असं परिपत्रक निघालं होतं, दार लावून घेतलेलं होतं, आणि खोलीत चार माणसं आणि एक घरघरणारा प्युरिफायर होता. नंतर मला वाटत राहिलं, की त्या खोलीतून मी अजून बाहेर आलेलेच नाही.

आमच्याकडे काम काय चालतं ते सांगते. एखाद्याच्या मूत्रपिंडातली कॅन्सरची गाठ काढली, की त्या माणसाच्या परवानगीने गाठीचा एक तुकडा आणि थोडं रक्त आमच्याकडे येतं. नाव येत नाही, नंबर येतो. कोणता नंबर कोणाचा, हे एकाच वहीत लिहिलेलं असतं. ती वही माझ्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. संशोधकांना नाव कळता कामा नये आणि मला कळलेलं नाव माझ्या तोंडून निघता कामा नये. हा नियम मीच टाइप केलेला आहे, दीड पानाचा, खाली माझी सही.

शिक्षिकाबाई समितीवर नव्या होत्या. त्या म्हणाल्या, "बेटा, मुझे ऐसे समझाओ जैसे आठवीं की क्लास को समझाती हो."

संशोधक मुलीने समजावलं. ती चांगलं समजावते. पेशीत ऑक्सिजन कमी पडला की एक हुकूम सुटतो, त्याचं नाव हिफ. हा हुकूम एकदम बऱ्याच जीन्सना जागं करतो: नव्या रक्तवाहिन्या काढा, साखर ओढून घ्या, वाढा. ऑक्सिजन पुरेसा झाला की हुकूम रद्द व्हायला हवा. रद्द करण्याचं काम व्हीएचएल नावाच्या जीनचं. त्या जीनपासून जे प्रथिन बनतं ते हिफवर शिक्का मारतं, आणि शिक्का बसलेल्या हिफचा पेशी चुरा करून टाकते. व्हीएचएल बिघडला तर शिक्का मारणारं कोणी उरत नाही. ऑक्सिजन भरपूर असतो, तरी हुकूम टेबलावर तसाच पडलेला असतो. मग रक्तवाहिन्या काढणारे जीन्स रक्तवाहिन्या काढत बसतात, वाढवणारे वाढवत बसतात. गाठ होते ती अशी.

"मतलब काम करनेवालों की गलती नहीं है," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "ऑर्डर कैंसल करनेवाला बाबू छुट्टी पर है."

"जी. परमनेंट छुट्टी."

सगळे हसले. मीही हसले. सरकारी इमारतीत सगळ्यांना कळेल असंच ते उदाहरण होतं.

मग तिने सांगितलं की या जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक चालू असली तरी काम भागतं. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही प्रती बिघडतात त्या मूत्रपिंडातल्या एखाद्या पेशीत, वय वाढता वाढता. ते ज्याचं त्याच्यापुरतं राहतं. म्हणूनच आम्ही रक्त मागतो. गाठीत बिघाड आणि रक्त स्वच्छ, असा जोड जमला की ती टिपण करून पुढे जाते.

"पण एक्केचाळीसचं रक्त स्वच्छ नाही," ती म्हणाली. "रक्तातही तोच बिघाड आहे. म्हणजे जन्मापासूनचा."

माझं पेन कागदावर होतं. ते तिथेच राहिलं.

शिक्षिकाबाईंनी विचारलं, याचा अर्थ काय. ती म्हणाली, अर्थ असा की एक प्रत आईवडिलांपैकी कोणाकडून तरी बिघडलेलीच आली. मुलांकडे जाण्याची शक्यता निम्मी. भावंडांचीही निम्मी. मूत्रपिंडं, डोळे, मेंदू, या ठिकाणी गाठी होऊ शकतात, तरुणपणीसुद्धा. दरवर्षी तपासत राहिलं तर लहान असतानाच सापडतात. न तपासलं तर उशिरा सापडतात.

"तो बता दो उनको! इसमें सोचना क्या है?"

मॅडम माझ्याकडे वळल्या. "कलम नऊ?"

परवानगीच्या फॉर्ममध्ये बारा पानं आहेत. नववं कलम असं: संशोधनात माझ्या किंवा माझ्या कुटुंबीयांच्या आरोग्याशी संबंधित काही आढळल्यास मला कळवावे. हो. नाही. ज्याला जे हवं तिथे खूण. सगळ्यांच्या खुणांची यादी माझ्यासमोर होती. एक्केचाळीससमोर काय आहे ते पाहायला मला यादीची गरज नव्हती.

"नाही," मी म्हणाले.

शिक्षिकाबाई खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "ठीक है. उनकी मर्ज़ी. मर्ज़ी की इज़्ज़त करनी पड़ेगी."

मी लिहिलं: सहभागी क्र. ४१ यांनी निष्कर्ष कळवू नयेत असे नोंदवले आहे. पुढील कार्यवाही नाही. अक्षर नेहमीसारखंच आलं. सरळ.

एक्केचाळीस नंबर म्हणजे माझा मोठा भाऊ. आणि ती खूण त्याची नव्हती, माझी होती.

आमच्या घरात फॉर्म मी भरते. बाबा गेले तेव्हा मी बारावीत होते, दादा कॉलेजात. आईची पेन्शन, क्वार्टर रिकामं करायची मुदत वाढवून घेण्याचा अर्ज, दादाची नोकरी, पुढे त्याच्या मुलीचा पहाडगंजच्या मराठी शाळेतला प्रवेश, पासपोर्ट, वहिनीचं बँकेचं खातं, सगळं मी. दादा सरकारी खात्यात नकाशे काढतो. रेघ अशी मारतो की पट्टीला लाज वाटावी. पण छापील चौकटी बघितल्या की त्याला घाम फुटतो. शेवटच्या पानावर सही करून तो फॉर्म माझ्याकडे सरकवतो आणि चहा करायला उठतो. हे इतकी वर्षं चाललंय की त्यात काही चुकीचं आहे असं कोणाला सुचलंच नाही.

दीड वर्षापूर्वी त्याच्या पोटाची सोनोग्राफी दुसऱ्याच कशासाठी तरी केली आणि उजव्या मूत्रपिंडावर गाठ दिसली. मूत्रपिंड काढलं. गाठ बाहेर पसरलेली नव्हती. सगळे म्हणाले, वाचलास. आमच्या प्रकल्पाला तेव्हा नमुने कमी पडत होते. मी म्हणाले, "दादा, देतोस का?" तो म्हणाला, "घे ना, मी काय करू त्याचं, लोणचं घालू?" वॉर्डमधल्या त्याच्या खाटेवर बसून मी बारा पानं चार मिनिटांत भरली. नातं असलं की दुसऱ्या कोणीतरी फॉर्म भरून घ्यावा, हे मला ठाऊक होतं. ती दुसरी व्यक्ती त्या दिवशी रजेवर होती.

नवव्या कलमाशी 'नाही' का केलं? मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते की दादा घाबरट आहे, त्याला कशाला त्रास. ते खरं नाही. 'हो' केलं की एक परिशिष्ट जोडावं लागतं, दोन पानांचं. कोणत्या डॉक्टरमार्फत कळवायचं, पत्ता, पर्यायी नातेवाईक. माझ्याजवळ परिशिष्टाची प्रत नव्हती. आणायची तर खाली दोन मजले. लिफ्टला गर्दी होती. म्हणून 'नाही'.

बाकी एकोणसाठ माणसांना मी प्रत्येक कलम वाचून दाखवलं होतं. हिंदीत, सावकाश. एकाला नाही.

बैठकीनंतर जिन्यात संशोधक मुलीने मला गाठलं. "मॅडम, इकतालीस के बच्चे होंगे क्या?"

"मला असं विचारायचं नसतं, ठाऊक आहे ना तुला," मी हिंदीतच म्हणाले, जरा जास्तच करड्या आवाजात.

"सॉरी मॅडम. बस, दिमाग में घूम रहा है."

माझ्याही डोक्यात तेच घुमत होतं. दादाला एकच मुलगी आहे. माझी भाची, सव्वीस वर्षांची. मी एकटी राहते. माझ्या मोबाइलमध्ये आणीबाणीचा नंबर तिचा आहे.

त्या रविवारी मी फरीदाबादला दादाकडे जेवायला गेले. दर दुसऱ्या रविवारी जातेच. वहिनीने पाटवडीचा रस्सा केला होता. भाची गुरुग्रामहून आली होती. ती मानेसरला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, कंपनीच्या बसने जाते-येते. ताटावर बसल्या बसल्या कपाळ दाबत होती.

"डोकं दुखतंय?"

"जरासं. सकाळची शिफ्ट असली की होतं."

"किती दिवसांपासून? रोज? उलटी वगैरे?"

"आत्या! साडेपाचची बस पकडून बघ एकदा, तुझंही दुखेल."

"चष्म्याचा नंबर वाढलाय का?"

"मम्मी, बघ ना हिला. आमच्याकडे जपानी ऑडिटर येतात ना, तेही एवढं नाही विचारत."

वहिनी हसली. "अगं, तुझ्या दातांची यादी आहे तिच्याकडे. कुठला कधी पडला."

"खरंच आहे का, आत्या?"

आहे. पण मी ते सांगितलं नाही. मी विषय बाबांवर नेला. का नेला ते मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं, हेच त्या दुपारचं सगळ्यात वाईट. म्हणाले, दादा, बाबा शेवटी शेवटी चालताना कलायचे, आठवतं?

"कलायचे म्हणजे?" भाचीने विचारलं.

"टिल्ट व्हायचे," दादा म्हणाला. "डाव्या बाजूला. कॉलनीतले लोक म्हणायचे, साहेब घेतात. बाबा! दर रविवारी विहारात उभं राहून पाचवं शील मोठ्यांदा म्हणणारा माणूस. उभ्या जन्मात थेंब नाही घेतला. एकदा तर वंदनेला उभे असतानाच झोक गेला, मी धरलं. पाठीमागून कोणीतरी हसलं."

"मग झालं काय होतं आजोबांना?"

"डोक्यात रक्तस्राव, असं लिहिलंय," दादा म्हणाला. "सेहेचाळीस वर्षांचे होते."

बाबांच्या मृत्यूचा तो दाखला मीच जपून ठेवला आहे. शुक्रवारपासून तीन वेळा काढून पाहिला होता. मी भाचीकडे बघत होते. ती भाकरी मोडत होती, हात सरळ होता, पाणी ओतताना थेंब सांडला नाही. मी हे सगळं टिपत होते, आणि मला माझीच किळस आली.

पुढच्या आठवड्यात तिने मला कंपनीच्या आरोग्य तपासणीचा दाखला पाठवला. सगळं नॉर्मल. खाली लिहिलं होतं: लो ऑडिटर मॅडम, पास झाले. त्या तपासणीत रक्तदाब, साखर आणि छातीचा एक्स-रे असतो. डोळ्याच्या आत कोणी बघत नाही, पोटाची सोनोग्राफी नसते. मी तिला एक अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

मी वाटा शोधल्या. लिहून काढल्या, नेहमीप्रमाणे. दादाला सांगायचं: नियम मोडतो. भाचीला सांगायचं: तोच नियम, वर बापाआधी मुलीला. 'एकदा सगळं तपासून घ्या' असं मोघम म्हणायचं: पण आता मी कितीही मोघम बोलले तरी ते त्या वहीतूनच आलेलं असणार. मॅडमना खूण माझी असल्याचं सांगायचं: या ओळीपुढे मी काहीच लिहिलं नाही. अकरा वर्षं लोक मला 'मॅडमची तिजोरी' म्हणतात. ते मला आवडतं.

मग पाचवी वाट सुचली आणि मी अगदी खूश झाले. भावंडांचीही निम्मी, असं ती मुलगी म्हणाली होती. म्हणजे मी स्वतःची तपासणी करून घ्यायची. भावाला मूत्रपिंडाची गाठ झाली होती हे सगळ्या घराला ठाऊक आहे, बहिणीने तपासणी केली तर त्यात गुपित काही नाही. माझ्या रक्तात बिघाड निघाला की तो माझा. माझा निकाल मी कोणालाही सांगू शकते. भाचीला फोन करून म्हणायचं, बाळा, मला असं असं निघालंय, तूही तपासून घे, बाबालाही सांग. वहीला हातही न लावता.

एका खासगी तपासणी केंद्रात गेले. तिथल्या समुपदेशक बाईंनी बाबांचं विचारलं, दादाचं विचारलं, चौकोन आणि गोल काढून आमच्या घराचं चित्र तयार केलं. बाबांचा चौकोन त्यांनी तिरपी रेघ मारून खोडला. म्हणाल्या, "खरं तर तुमच्या आधी भावाची तपासणी व्हायला हवी."

"त्याला नकोय," मी म्हणाले. मला दुसऱ्यांदा त्याच्या वतीने 'नाही' म्हणता आलं. इतक्या सहज.

निकाल तीन आठवड्यांनी येणार होता. त्या तीन आठवड्यांत मी जे मागितलं ते कोणाला सांगितलेलं नाही. मी बिघाड मागितला. सकाळी उठले की वाटायचं, निघू दे. ऑफिसात जिना चढताना मुद्दाम बघायचे, जरा झोक जातोय का. अंगात आजार असावा म्हणून आस लावून बसलेली मी, दुपारच्या सुट्टीत भाचीला काय आणि कसं सांगायचं त्याचे मुद्दे काढत होते. पहिला मुद्दा: घाबरू नकोस. दुसरा: बघ, मी घाबरले आहे का?

डिसेंबरच्या मध्यात निकाल आला. मेट्रोत होते. कोणताही बिघाड आढळला नाही. मोबाइल हातात धरून मी रडायला लागले. शेजारची बाई म्हणाली, "क्या हुआ जी, कोई बुरी खबर?" मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच कळलं नाही. तिने बाटलीतलं पाणी दिलं.

मी सुटले होते, आणि माझ्या सुटण्याने भाचीपर्यंत जायची एकुलती एक वाट बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी मॅडमच्या खोलीत गेले. चौथी वाट, जिच्यापुढे काही लिहिलं नव्हतं. उभ्यानेच सांगितलं. एक्केचाळीस माझा भाऊ आहे. फॉर्म मी भरला. नवव्या कलमाशी खूण मी केली, त्याला न विचारता.

मॅडमनी चष्मा काढला. "सही?"

"त्याची."

"म्हणजे सही त्यांची आणि मर्जी तुमची."

"मर्जीसुद्धा नाही, मॅडम. घाई होती."

 मग त्यांनी एकच विचारलं, "बाकीच्यांचं काय?" मी म्हणाले, प्रत्येक कलम वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी मानेन. पण आता ते माझ्या मानण्यावर सोडता येणार नाही." मी पर्समधून किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी मागितली नव्हती. पण त्यांनी ती लगेच उचलली.

जानेवारीत समिती बसली. इतिवृत्त दुसऱ्याने लिहिलं. मला बाहेर बाकावर बसवलं होतं, मग आत बोलावलं. शिक्षिकाबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मैंने उस दिन बड़ी शान से कहा था, मर्ज़ी की इज़्ज़त करो. किसकी मर्ज़ी की इज़्ज़त करवा दी आपने मुझसे?"  ठरलं ते असं: सगळ्या साठ जणांना बोलावून फॉर्म नव्याने वाचून दाखवायचा, म्हणजे कोणा एकाला वेगळं काढल्यासारखं होणार नाही. वाचून दाखवणार संशोधक मुलगी नव्हे, मीही नव्हे, दुसऱ्या विभागातली एक बाई. कोणी घरी नेऊन विचार करायचा म्हटला तर न्यावा. मी भावाला खुणेचं खरं सांगू शकते, निकालाबद्दल अक्षर नाही, चेहऱ्यानेसुद्धा नाही. आणि ठरलेल्या मुदतीत फॉर्म परत आला नाही, तर जुनी नोंद कायम धरायची. हे शेवटचं वाक्य जुन्या नियमातलंच होतं. मीच टाइप केलेल्या.

दादा फेब्रुवारीत जाऊन आला. पावणेदोन तास त्याने बारा पानं ऐकली. खूण मात्र तिथे केली नाही. "घरी नेतो," म्हणाला. त्या बाईंना वाटलं सुशिक्षित माणूस आहे, नीट विचार करणारा. मला वाटलं, तो फॉर्म माझ्याकडे आणणार.

त्याने आणला नाही. मीच गेले. वहिनी बाहेर गेली होती. फॉर्म जेवणाच्या टेबलावर होता, कडेने त्याची नकाशाची पट्टी ठेवलेली. प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक फॉर्म वाचला होता.

"दादा, मागच्या वेळी नऊ नंबरला 'नाही' मी केलं. तुला विचारलं नव्हतं."

"मग? विचारतेस कधी तू?" तो हसला. "चौदा नंबरच्या कलमालाही खूण तूच केली असशील."

"हसू नको. माफी मागतेय मी."

"अगं, बाबा गेल्यापासून तू भरतेस, मी सही करतो. मला बरंच वाटायचं. मी काही निवडलं नाही असं वाटायचं." मग म्हणाला, "सगळ्या साठ जणांना बोलावलंय ना?"

"हो."

"मग तुझं तोंड असं का झालंय?"

मी खिडकीकडे पाहिलं. चेहऱ्यानेसुद्धा नाही. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची शिट्टी वाजत होती. मी त्या शिट्ट्या मोजल्या.

त्याने पट्टी नवव्या कलमाखाली ठेवली आणि मोठ्यांदा वाचलं, "माझ्या किंवा माझ्या कुटुंबीयांच्या. कुटुंबीय म्हणजे पोरगी?"

"लिहिलंय तेवढंच मला बोलता येतं."

"म्हणजे बोलण्यासारखं काहीतरी आहे."

"दादा, मी असं म्हटलं नाही."

"तू काहीच म्हटलं नाहीस. तेच बघतोय मी." त्याने पेन घेतलं, टोपण काढलं. 'हो'च्या चौकटीवर टोक नेलं. नकाशावर रेघ सुरू करण्याआधी तो हात असाच थांबवतो, श्वास धरून. "हो केलं की मागे घेता येतं?"

"निकाल कळेपर्यंत येतं. कळल्यावर काय मागे घेणार?"

"आणि कळलं, समजा. वाईट कळलं. तर तिला कोण सांगणार? ती बाई?"

"तू."

"मी." त्याने टोपण परत लावलं. "माझ्या अंगातून तुझ्या अंगात गेलंय, असं मी तिला म्हणायचं. समोर बसवून."

मला सांगायचं होतं की निम्मी शक्यता असते, निम्मी म्हणजे कदाचित नाहीच. सांगायचं होतं की कळलं तर दरवर्षी बघता येतं, लहान असतानाच काढता येतं, बैठकीत असं ऐकलंय मी. यातलं एक अक्षरही मी उच्चारू शकत नव्हते. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. म्हणून मी पाणी आणायला उठले, तर तो म्हणाला, "बस इथेच." मी बसले.

"एप्रिलमध्ये तिचं प्रमोशन आहे," तो म्हणाला. "पुण्याच्या प्लांटला पाठवतील म्हणते. ते होऊ दे. मग बघू."

"मुदत मार्चची आहे, दादा."

"हो, वाचलंय." फॉर्मची घडी न घालता त्याने तो नकाशांच्या लांब खणात सपाट ठेवला आणि खण ढकलला. "तू भरू नकोस हां यावेळी," म्हणाला. रागाने नाही. पण म्हणाला.

हे झालं त्याला अडीच आठवडे होतील. मी त्यानंतर दोनदा गेले. दोन्ही वेळा आम्ही भाचीच्या पुण्याला राहायच्या सोयीबद्दल बोललो, कोणत्या भागात घर बघायचं, कंपनीची बस कुठून सुटते. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, आत्या, पुण्याला न्यायच्या सामानाची यादी तू कर, मला जमत नाही. मी केली. एकोणचाळीस गोष्टी झाल्या. डोळ्यांची तपासणी चौथी लिहिली होती, मग खोडली, मग पुन्हा लिहिली, आणि शेवटी खोडलेलीच पाठवली.

फॉर्म परत द्यायची मुदत या शुक्रवारी, संध्याकाळी पाचला संपते. आज मंगळवार. नकाशांच्या खणातला तो कागद अजून बाहेर आलेला नाही. मी रोज सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी दादाला फोन करते, तो उचलतो, आम्ही हवेबद्दल बोलतो. नवव्या कलमाच्या दोन्ही चौकटी कोऱ्या आहेत.